नव्या सात साधनांचा भिंतीवरचा संच: आठ महिन्यांच्या वापरानंतर

गटाने भिंतीसमोर उभे राहून प्रश्न सोडवावेत, यासाठी गुणवत्ता व्यवस्थापनातील ‘नवी सात साधने’ छापलेल्या तक्त्यांचा एक संच आम्ही पुण्यातल्याच एका विक्रेत्याकडून मागवला होता. त्यात पुसता येणारे सात मोठे तक्ते, चार रंगांच्या चिकटचिठ्ठ्या, बाणाच्या आकाराच्या चुंबकपट्ट्या आणि एक पातळ पुस्तिका आहे. भोसरीतील आमच्या कारखान्यात ॲल्युमिनियमच्या कास्टिंगचे मशीनिंग चालते. पॅरेटो (मोठी कारणे आधी दाखवणारा स्तंभालेख), फिशबोन (माशाच्या सांगाड्यासारखी कारणांची आकृती) आणि कंट्रोल चार्ट (प्रक्रियेतील चढउतार दाखवणारा आलेख) ही जुनी साधने आमच्याकडे पूर्वीपासून वापरात असल्याने आणखी सात आकृत्यांची गरज काय, असा प्रश्न मलाही पडला होता.

जुनी साधने मुख्यतः आकड्यांवर चालतात. नवी साधने १९७०च्या दशकात जपानमध्ये एकत्र बांधली गेली, ती शब्दांत सांगितलेल्या, विस्कळीत माहितीसाठी. त्यांतील आत्मीयता आकृती, जिला कारखान्यात सगळे ॲफिनिटीच म्हणतात, ती जिरो कावाकिता या मानववंशशास्त्रज्ञाच्या पद्धतीवरून आली आहे. नेपाळमध्ये क्षेत्रकार्य केलेल्या या अभ्यासकाने टिपणांच्या ढिगातून अर्थ लावण्यासाठी ती विकसित केली होती. संचातील सर्वांत उपयुक्त तक्ता हाच आहे, आणि त्याचे कारण आम्हाला लीक टेस्टच्या, म्हणजे गळती तपासणीच्या, रिजेक्शनवर चर्चेला बसलो तेव्हा कळले.

एका पंप बॉडीचे लीक टेस्टमधील रिजेक्शन रात्रपाळीत सतत वाढत होते. फिशबोनमध्ये माणूस, यंत्र, पद्धत आणि साहित्य हे कप्पे आधीच आखलेले असतात, त्यामुळे प्रत्येक जण कप्पा भरण्याच्या बेताने बोलतो आणि ‘माणूस’ या फांदीवर ‘ऑपरेटरचा निष्काळजीपणा’ हमखास जाऊन बसतो. ॲफिनिटीत उलट होते. प्रत्येकाने न बोलता एका चिठ्ठीवर एकच गोष्ट लिहायची, मग सर्वांनी गप्प राहूनच चिठ्ठ्या हलवून जवळजवळ लावायच्या, आणि गटाला शीर्षक द्यायचे ते सर्वांत शेवटी. बैठकीत तोंड न उघडणाऱ्या एका ऑपरेटरने लिहिले होते, ‘रात्री फिक्स्चर पुसायला फडके नसते.’ (फिक्स्चर म्हणजे भाग पकडून ठेवणारा साचा.) ही चिठ्ठी कुठल्याच गटात बसेना. आमचे सुपरवायझर ती ‘इतर’मध्ये सरकवत होते, पण एकटी चिठ्ठी एकटीच राहू द्यावी असे पुस्तिकेत स्पष्ट सांगितले आहे, आणि ती तशीच राहिली.

पुढे परस्परसंबंध आकृतीच्या तक्त्यावर कोणत्या गोष्टीमुळे काय घडते याचे बाण लावले. ज्या चिठ्ठीतून सर्वाधिक बाण बाहेर पडतात ती मूळ कारणाच्या जवळची आणि जिच्यात सर्वाधिक बाण शिरतात तो परिणाम, असा त्याचा साधा हिशेब आहे. फडक्याच्या चिठ्ठीतून बाण निघाले ते चिपकडे, म्हणजे फिक्स्चरवर राहणाऱ्या धातूच्या किसाकडे, चिपमुळे सीलखाली राहणाऱ्या फटीकडे, आणि चांगला भागही गळका ठरण्याकडे. स्टोअर संध्याकाळी बंद होते आणि फडकी फक्त पहिल्या पाळीला दिली जातात, हे त्या दिवशी प्रथमच फलकावर आले.

वृक्ष आकृतीचा तक्ता उपाय कामांपर्यंत उतरवण्यासाठी चांगला आहे. ‘असे बिघडले तर काय’ हे आधीच पाहणारा पीडीपीसीचा तक्ताही आम्ही दोनदा वापरला. दोन याद्यांमधील संबंध मांडणाऱ्या मॅट्रिक्सच्या तक्त्यातील चौकटी मात्र इतक्या लहान आहेत की संबंध किती घट्ट हे दाखवणारी दुहेरी वर्तुळ, वर्तुळ आणि त्रिकोण ही चिन्हे लांबून सारखीच दिसतात. बाण आकृतीचा तक्ता आजही गुंडाळलेलाच आहे, कारण वेळापत्रकासाठी आम्हाला एक्सेल पुरते.

तक्रारी आणखीही आहेत. चुंबकपट्ट्यांसाठी लोखंडी फलक लागतो हे मागणी नोंदवताना कोणी सांगितले नाही. मशीनजवळच्या तेलकट हवेत चिठ्ठ्या दुसऱ्या दिवशी गळून पडतात, म्हणून बैठक संपताच फलकाचा फोटो काढणे आम्ही सक्तीचे केले आहे. सर्वांत खटकणारी गोष्ट म्हणजे तक्त्यांवरील प्रत्येक शब्द इंग्रजीत आहे. ज्यांच्याकडे खरी माहिती आहे ते मराठीत आणि हिंदीत लिहितात, तेव्हा आम्ही पहिल्याच आठवड्यात शीर्षकांवर कागद चिकटवून मराठी नावे लिहिली.

याच कामासाठी ऑनलाइन फलकही वापरून पाहिला. चाकणच्या युनिटशी एकत्र बसायचे असेल तर तो सोयीचा आहे, पण एका खोलीत आठ माणसे आणि एक माउस असला की लिहिणारा एकच उरतो आणि बाकीचे सात जण त्याला मजकूर सांगत बसतात.

विक्रेता तक्ते सुटेही देतो. नव्याने घेणाऱ्यांनी ॲफिनिटी, परस्परसंबंध आणि वृक्ष हे पहिले तीन घ्यावेत, चिठ्ठ्या बाजारातून जाड गोंदाच्या आणाव्यात आणि मार्कर जाड टोकाचे घ्यावेत. संचातील पेनांनी लिहिलेले चार फुटांवरून वाचता येत नाही.