निरामय आणि यूडीआयडीच्या नावाने पैसे मागणाऱ्यापासून सांभाळा

डिचोली, सांखळी, म्हापसा भागातल्या ज्या आयाबाया मुलांना थेरपीला नेतात त्यांनी हे वाचाच. निरामय म्हणजे अपंगत्व असलेल्यांचा सरकारी आरोग्य विमा, आणि यूडीआयडी म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र. माझ्या मुलाला सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर नीट ताबा नसणं) आहे. थेरपी चालू असताना आम्ही बाहेर बसतो तिथे एक माणूस यायचा, एकदम गोड बोलणारा, प्रत्येकीच्या मुलाचं नाव पाठ, "ताई, बाबूची फाईल मी करतो, निरामयचे एक लाख थेट खात्यात, यूडीआयडी कार्डपण त्यातच, साडेसात हजार खर्च". हातात लॅमिनेट केलेल्या कार्डांचा गठ्ठा. पैसे घेतले ते कुठल्यातरी बाईच्या जीपेवर, आणि मुलाचं अपंगत्वाचं ओरिजिनल सर्टिफिकेट व्हेरिफिकेशनला म्हणून घेऊन गेला.

मग आज येतं, उद्या येतं. शेवटी कार्ड दिलं, फोटो, नाव, पत्ता सगळं बरोबर, पण यूडीआयडीच्या सरकारी पोर्टलवर नंबर टाकला तर रेकॉर्डच नाही. मोजून बघितलं, यूडीआयडी नंबर 18 अक्षरी असतो, ह्याच्यावर 16 च. जाब विचारला तर वर म्हणतो सर्टिफिकेट परत हवं तर आणखी तीन हजार टाका. लेकराच्या कागदावर खंडणी मागायची, किती नीच माणूस असेल हा!

यूडीआयडीला एक पैसा लागत नाही, त्याच्या सरकारी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरायचा, तपासणी सरकारी इस्पितळात होते. निरामय हा केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टचा विमा, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी, वर्षाला 1 लाखापर्यंत, त्यात थेरपीचा खर्चपण बसतो, पण आधी उपचार, मग बिलं जोडून क्लेम, लाख रुपये असेच कुणाच्या खात्यात पडत नाहीत. नोंदणी ट्रस्टकडे रजिस्टर असलेल्या संस्थेतून होते आणि फी शेकड्यांत असते, हजारांत नाही. तोच माणूस आता गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे महिन्याचे पैसे वाढवून देतो म्हणून फिरतोय असं कळलं, ती रक्कम सरकार ठरवतं, एजंट नाही.

ऑनलाईन पैसे गेले असतील तर लगेच 1930 ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन करा, उशीर झाला की पैसे पुढे काढून घेतात. मी पोलिसांत लेखी तक्रार दिलीय, डुप्लिकेट सर्टिफिकेटसाठी इस्पितळात अर्जपण केलाय. तुमचा कागद त्याच्याकडे अडकला असेल तर सोडवायला आणखी पैसे देऊ नका, आणि त्याचे मेसेज, पेमेंटचे स्क्रीनशॉट डिलीट न करता तुम्हीपण तक्रार द्या.