मुंबईचा मुख्य रनवे बंद पडतो तेव्हा: टॉवर पहिल्या वर्गात, बाकीचे काठावर पास

मुंबई विमानतळाला धावपट्ट्या दोन, पण एका वेळी कामाला येते एकच. ०९/२७ ही मुख्य, साधारण ३,४५० मीटर लांब (हे आकडे म्हणजे धावपट्टीच्या दोन दिशा: २७ म्हणजे सुमारे २७० अंश). १४/३२ ही दुय्यम, २,९०० मीटरच्या आतबाहेर. दोन्ही एकमेकींना छेदतात, त्यामुळे दिल्लीसारखी समांतर ये-जा इथे होऊच शकत नाही. मुख्य धावपट्टीवर तासाला ४६ च्या आसपास विमाने चढतात-उतरतात, म्हणजे दर ७८ सेकंदांना एक. १४/३२ वर हाच आकडा ३५ च्या घरात येतो. तासाला अकराची तूट दहा तास चालली, की शंभरावर विमानांना त्या दिवशी जागाच उरत नाही. ११ नोव्हेंबर २०२३ रोजी इथे २४ तासांत १,०३२ विमानांची ये-जा झाली होती. इतक्या ताणलेल्या ठिकाणी रनवे बंद झाल्यावर मिळणारी सेवा तिघे मिळून देतात: विमानतळ प्राधिकरणाचे कंट्रोलर, विमानतळ चालवणारी कंपनी आणि विमान कंपन्या. तिघांना एकत्र गुण देणे म्हणजे कंट्रोलरवर अन्याय.

विमान धावपट्टीवरून घसरले की पहिला निर्णय टॉवरचा. त्यासाठी मिळणारा वेळ म्हणजे पाठच्या विमानाचे अंतर. फायनलवरचे (उतरण्याच्या शेवटच्या सरळ मार्गावरचे) विमान मिनिटाला सव्वादोन-अडीच सागरी मैल कापते, तेव्हा पाच मैलांवर असलेल्याला गो-अराउंड (न उतरता पुन्हा वर चढा) सांगायला जेमतेम दोन मिनिटे असतात. त्याच श्वासात रनवेच्या तोंडाशी उभ्या विमानाला जागेवर थांबवायचे, क्रॅश अलार्म द्यायचा आणि अप्रोचला (येणारी विमाने रांगेत लावणाऱ्या कंट्रोल कक्षाला) ‘आता कोणालाही पाठवू नका’ म्हणून कळवायचे. अग्निशमन गाड्यांनी धावपट्टीच्या कोणत्याही टोकाला शक्यतो दोन, फार तर तीन मिनिटांत पोहोचावे असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. त्या पोहोचेपर्यंत कुठल्या टॅक्सीवेने (धावपट्टीला जोडणाऱ्या वाटेने) जायचे, वाटेतली विमाने कुठे उभी करायची, हेही टॉवरच ठरवतो.

इथे प्रवाशांना हमखास न समजणारी एक गोष्ट आहे. मुख्य रनवे अडला तर लगेच दुसरा का सुरू करत नाहीत? कारण बंब घसरलेल्या विमानापाशी गुंतलेले असतात. विमानतळाची अग्निशमन श्रेणी उपलब्ध बंब आणि पाणी-फोमच्या साठ्यावर ठरते. ते एका जागी अडकले की श्रेणी खाली येते, आणि मोठ्या विमानांना उतरण्याची परवानगी देता येत नाही. म्हणून दुसरी धावपट्टी मोकळी दिसत असली तरी ती काही वेळ रिकामीच राहते. हे थांबणे योग्यच आहे.

त्यानंतरचा खेळ अप्रोच कंट्रोलचा. येणारी विमाने होल्डिंगमध्ये (आकाशात ठरलेल्या जागी घिरट्या घालत) एकावर एक रचली जातात, दोघांमध्ये किमान १,००० फुटांचे अंतर ठेवून. १४,००० फुटांपर्यंत फेरीची एक सरळ बाजू एक मिनिटाची, त्यामुळे पूर्ण फेरी सुमारे चार मिनिटांची. चांगला कंट्रोलर नुसत्या फेऱ्या मारायला लावत नाही. तो प्रत्येकाला अप्रोचची अपेक्षित वेळ देतो, आणि खात्री नसेल तर ‘विलंब अनिश्चित’ असे स्पष्ट सांगतो. ही दोन शब्दांची माहिती फार मोलाची, कारण तिच्यावरच वैमानिक ठरवतो की थांबायचे की अहमदाबाद, हैदराबाद, गोवा, नागपूर गाठायचे. पर्यायी विमानतळावर पार्किंगच्या जागा मोजक्या असतात. लवकर निघालेल्याला जागा मिळते, आशेवर थांबलेल्याला आणखी लांब जावे लागते.

इंधनाबाबतचे दोन शब्दप्रयोग अनेक जाणकार लेखांतही गल्लत करून छापले जातात. वैमानिकाने ‘मिनिमम फ्युएल’ कळवले तर त्याला प्राधान्य मिळत नाही. आता एकाच विमानतळावर उतरणे ठरले आहे आणि आणखी उशीर चालणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. ‘मेडे फ्युएल’ मात्र खरी आणीबाणी: उतरताना शेवटच्या राखीव साठ्यापेक्षा कमी इंधन उरेल. जेट विमानासाठी हा साठा १,५०० फुटांवर तीस मिनिटे घिरट्या घालण्याइतका. पहिली घोषणा ऐकून जो कंट्रोलर दुसरीची वेळ येऊ देत नाही, तो आपले काम जाणतो.

मग धावपट्टी बदलण्याचा निर्णय. नकाशावर सोपा, पावसाळ्यात अवघड. नैऋत्येचा, २४० अंशांवरून २० नॉटचा वारा धरा. २७ वर उतरताना त्याचा आडवा भाग सुमारे १० नॉट. तोच ३२ वर जवळपास पूर्ण २०, आणि समोरून मिळणारा आधार अवघा साडेतीन नॉट. १४ वर उतरायचे तर तेवढाच वारा पाठीमागून. ओल्या, आखूड धावपट्टीवर हे आकडे काही विमानांच्या मर्यादेला जाऊन भिडतात. वर आग्नेयेला ट्रॉम्बेचा डोंगर. लांब पल्ल्याच्या भरलेल्या विमानाला १४/३२ वरून उडताना वजन कमी करावे लागू शकते, म्हणजे सामान मागे ठेवा किंवा मध्येच कुठेतरी इंधन भरा. शिवाय रांगेत उभ्या विमानांना दुसऱ्या टोकाला न्यायचे, नवे क्लिअरन्स (उड्डाणाच्या मार्गाची परवानगी) द्यायचे; वैमानिकांना उड्डाणाचे आकडे पुन्हा काढावे लागतात. अर्धा तास सहज जातो. त्या अर्ध्या तासाबद्दल टॉवरला शिव्या घालणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करून पाहावा. २१ जुलै २०२५ रोजी कोचीहून आलेले एअर इंडियाचे ए-३२० मुसळधार पावसात उतरताना बाजूला सरकले आणि ०९/२७ ला किरकोळ नुकसान झाले, तेव्हा १४/३२ लगेच वापरात आणली गेली. असा बदल अंगवळणी पडलेला आहे, हे मान्य करावेच लागेल.

गुण कापावे लागतात ते विमान हलवण्याच्या कामात. १ जुलै २०१९ च्या रात्री जयपूरहून आलेले स्पाइसजेटचे ७३७ धावपट्टी २७ ओलांडून पुढच्या चिखलात रुतले. मुख्य रनवे सुरू व्हायला ५ जुलैची संध्याकाळ उजाडली. विमान धावपट्टीच्या बाहेर असूनही ती का बंद? कारण त्याची शेपटी उड्डाणमार्गाच्या संरक्षित क्षेत्रात उभी राहते, आणि टोकापलीकडे बसवलेल्या लोकलायझरचे (विमानाला धावपट्टीच्या रेषेत आणणाऱ्या रेडिओ यंत्राचे) संकेतही धातूच्या एवढ्या धुडाने बिघडू शकतात. हलवायचे तर आधी तपास यंत्रणेची परवानगी, मग इंधन काढणे, सामान उतरवणे, भिजलेल्या मातीवर खडी आणि लोखंडी पत्रे टाकून रस्ता बांधणे, आणि मग इंचाइंचाने ओढणे. घाईत ओढले तर लँडिंग गिअर मोडतो आणि काम दुप्पट होते. यासाठीचे खास किट तेव्हा एअर इंडियाकडून आणावे लागले. याआधी सप्टेंबर २०१७ मध्येही एक विमान याच रनवेलगत चिखलात फसले होते. विमान हलवण्याची जबाबदारी कायद्याने त्याच्या मालकाची असली, तरी देशातल्या सर्वांत गजबजलेल्या विमानतळांपैकी एकाने उसन्या सामानावर विसंबावे, हे पटत नाही. पाचपैकी दोन.

पूर्वनियोजित बंदची सेवा मात्र वाखाणण्याजोगी. पावसाळ्याआधी आणि नंतर एकेक दिवस दोन्ही धावपट्ट्या सकाळी ११ ते संध्याकाळी ५ बंद असतात. ९ मे २०२४, १७ ऑक्टोबर २०२४ आणि ८ मे २०२५ ही अलीकडची उदाहरणे. नोटॅम (वैमानिक आणि कंपन्यांसाठीची अधिकृत सूचना) कित्येक महिने आधी निघतो, त्यामुळे विमान कंपन्यांची वेळापत्रके त्याभोवती बेतली जातात. या सहा तासांत टायरचे चिकटलेले रबर खरवडणे, पांढरे पट्टे नव्याने रंगवणे, दिवे तपासणे अशी कामे उरकतात. रबराचा थर राहिला तर पहिल्याच पावसात ब्रेक धरत नाहीत, म्हणून हा दिवस वाचवण्यात अर्थ नाही. ११ च्या आत पोहोचू न शकणाऱ्या विमानाला मूळ विमानतळावरच रोखले जाते: दिल्लीतला वाहतूक-प्रवाह कक्ष त्याला उड्डाणाची ठरावीक वेळ देतो. आकाशात इंधन जाळण्यापेक्षा जमिनीवर थांबणे केव्हाही स्वस्त. खटकते ते एवढेच की, ५ नंतरचा पहिला तास फार ठासून भरलेला असतो. त्यात निघणारे तिकीट शक्यतो घेऊ नये, ७ नंतरचे बघावे.

विमान कंपन्यांचा भाग सर्वांत कच्चा. टॉवरकडे अपेक्षित वेळ असते, कॉकपिटमध्ये ती कळते, पण गेटवरच्या फलकावर ‘ऑपरेशनल कारण’ एवढेच झळकते. डायव्हर्ट झालेल्या (दुसऱ्या विमानतळावर वळवलेल्या) विमानातल्या कर्मचाऱ्यांची ड्युटीची मर्यादा संपत आली की ते विमान तिथेच अडकते, हे कोणी आपण होऊन सांगत नाही. म्हणून आपले विमान कुठून येणार आहे ते ट्रॅकिंग ॲपवर बघा. ते होल्डिंगमध्ये गोल फिरत असेल तर किमान एक तास धरा, आणि दुसऱ्याच शहरात उतरले असेल तर संध्याकाळच्या बैठका लगेच रद्द करा.

२५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईहून उड्डाणे सुरू झाली आहेत. तिथला रनवे ३,७०० मीटरचा, पण सध्या एकच, आणि दोन्ही विमानतळांचे हवाई क्षेत्र एकमेकांना खेटून. कंपनीचे तिथे कर्मचारी आणि शिडी-बस असतील तरच डायव्हर्शन उपयोगाचे. नाहीतर विमान उतरते आणि प्रवासी आतच बसून राहतात.

भरपाईच्या आशेवर मात्र राहू नका. कंट्रोल किंवा हवामानामुळे झालेला उशीर कंपनीच्या हाताबाहेरचा मानला जातो. तरीही सहा तासांहून अधिक उशीर असल्यास दुसरे विमान किंवा पूर्ण परतावा, हा हक्क डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतुकीच्या नियामकाच्या) नियमांत आहे. काउंटरवर तो मागावा लागतो.