एक बांगडी वाढली, तेव्हा

भाचीला लग्नाचा हिरवा चुडा भरायचा म्हणून आम्ही चौघी गेल्या महिन्यात पुण्यात तुळशीबागेजवळच्या एका लहानशा कासाराच्या दुकानात गेलो होतो. फिरोजाबादच्या काचेच्या बांगड्या तिथे रंगवार मांडलेल्या असतात, काच चांगली असते आणि भावही वाजवी आहेत. बांगडीचे माप अजूनही इंच आणि सोळांशांत चालते. ‘दोन-सहा’ म्हणजे दोन इंच आणि वर सहा सोळांश. कासारीणबाई मात्र हात नुसता दाबून पाहतात आणि अचूक माप सांगतात.

भाचीच्या तळहातात अंगठा दुमडून, बोटांची पेरे चेपत त्या एकेक बांगडी वर चढवत होत्या. ‘‘हात सैल सोड बाळा, माझ्याकडे नको, आईकडे बघ,’’ असे त्या म्हणत असतानाच कट्‌कन आवाज झाला. बाईंनी तुकडे शांतपणे बाजूला केले आणि म्हणाल्या, ‘‘एक वाढली. दुसरी भरते हं.’’

‘फुटली’ हा शब्द त्यांच्या तोंडून निघाला नाही, कारण मराठीत बांगड्या फोडल्या जातात त्या नवरा गेलेल्या बाईच्या. म्हणून घरात बांगडी वाढते, मंगळसूत्र वाढते, डबीतले कुंकू संपले तरी तेही वाढतेच. एका क्रियापदाने इतकी वर्षे किती भीती झाकून ठेवली आहे, हे त्या क्षणी मला फार जवळून जाणवले. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये बांगड्या फोडण्यासह विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य शासनाने त्याच महिन्यात इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. ठरावाने प्रथा थांबू शकते. जिभेवरची भीती जायला मात्र अधिक काळ लागतो.

आमच्याबरोबर मावशी होती. तिचे यजमान तीन वर्षांपूर्वी गेले, तेव्हापासून तिने काचेची बांगडी हातात घातलेली नाही आणि त्या दिवशीही ती पायरीवरच उभी राहिली होती. बाईंनी तिच्याकडे पाहून विचारले, ‘‘मावशी, तुमचं दोन-आठ ना? कुठला रंग काढू?’’ ‘तुम्ही भरता का?’ असे विचारले असते तर मावशी नाहीच म्हणाली असती, याची मला खात्री आहे. तिने मोरपिशी रंगाच्या चार-चार भरून घेतल्या आणि भाचीप्रमाणेच बाईंना नमस्कार केला. या दुकानाची सर्वांत मोठी सेवा कोणती, असे कोणी विचारले तर मी हा प्रश्न सांगेन.

म्हणूनच दारावरची ‘खास सुवासिनींसाठी’ ही पाटी मला खटकली. पायरीवर थबकलेली बाई प्रथम ती पाटी वाचते. बाईंचा आवाज तिच्यापर्यंत नंतर पोहोचतो. मी तसे स्पष्ट सांगितले. पाटी सासऱ्यांच्या वेळची आहे, एवढेच उत्तर मिळाले. ती बदलावी, असे माझे आग्रहाचे मत आहे.

चुड्यासाठी तासभर तरी हाताशी ठेवावा आणि शक्यतो सकाळी जावे. आम्हाला संध्याकाळ झाली होती. शेवटचा हात भरून होताच सुनेने आतून विचारले, ‘‘आई, दुकान वाढवू का?’’