शब्दकार्डं की सोपं वाचन?

नवी भाषा सुरू करताना आधी शब्द पाठ करावेत की थेट वाचायला घ्यावं? पहिले दोन-तीन महिने तरी माझं मत कार्डांना, म्हणजे एका बाजूला शब्द आणि दुसऱ्या बाजूला अर्थ असलेल्या कार्डांना. पाठ केलेलं सुरुवातीला भराभर विसरतं आणि अंतर ठेवून केलेली उजळणी जास्त टिकते, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी 1885 मध्येच दाखवून दिलं. अँकीसारखं सॉफ्टवेअर तेच करतं: आठवलेलं कार्ड पुढे ढकलतं, अडलेलं लगेच समोर आणतं.

मात्र कार्डावर सुटा शब्द नको. जर्मन शिकत असाल तर नुसतं 'टिश' (टेबल) न लिहिता 'डेर टिश' लिहा; 'डेर'वरून शब्द पुल्लिंगी आहे हे कळतं. लिंग मागाहून वेगळं पाठ करणं जिवावर येतं. त्याहून बरं म्हणजे अख्खं छोटं वाक्य, जमलं तर आवाजासकट.

वाचनाचं बळ वेगळं. एकच शब्द निरनिराळ्या ठिकाणी भेटला की तो कुणासोबत येतो, कुठे शोभतो हे आपोआप कळतं. कार्डातून ते कळत नाही. पण दर ओळीला अडखळत असाल तर ते पुस्तक सरळ बाजूला ठेवा. नवशिक्यांसाठी मुद्दाम सोपी केलेली पुस्तकं मिळतात, ती घ्या. आणि नवी कार्डं त्यातूनच बनवा. आयत्या याद्या मला कधीच पटल्या नाहीत.