एएमटी गाडी, 8 महिने आणि आमच्या घरचा चढ

गुहागरला राहते, साडेनऊ हजार किलोमीटर झाले म्हणून लिहितेय. घरात बाबांची जुनी मॅन्युअल पण आहे आणि दोन्ही हातात असतात, त्यामुळे फरक चांगलाच कळतो.

शोरूमवाला म्हणाला, "मॅडम, अ‍ॅक्सिलरेटर आणि ब्रेक, बाकी गाडी बघते." मी ऐकलं. खरं म्हणजे एएमटीत (ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन) गिअरबॉक्स मॅन्युअलचाच, क्लचप्लेट पण तीच, फक्त क्लच दाबायला आपल्या पायाऐवजी एक अ‍ॅक्च्युएटर, म्हणजे विजेवर हलणारं यंत्र, आणि त्याला हुकूम सोडायला कम्प्युटर. टॉर्क कन्व्हर्टरवाली ऑटोमॅटिक वेगळी, तिच्यात ताकद तेलातून जाते म्हणून ती स्मूथ आणि महाग. आपल्याकडे 2014 ला मारुतीच्या सेलेरिओत हा स्वस्त प्रकार आला आणि लोक याला पण नुसतं ऑटोमॅटिकच म्हणायला लागले. हे आधी कळलं असतं तर पहिल्याच महिन्यात क्लचचा वास आला नसता.

वास आला तो आमच्याच दारात. रस्त्यावरून वळलं की दोन्ही बाजूला जांभ्याचा गडगा, मध्ये उभा चढ आणि वर गेट. आई गेट उघडेपर्यंत मी ब्रेक न दाबता गाडी नुसती अ‍ॅक्सिलरेटरवर धरून ठेवायचे, मॅन्युअल हाफ क्लचवर धरतात ना तसं, आणि आत प्लेट घासत बसायची. आता हँडब्रेक ओढते, गेट उघडलं की थोडा अ‍ॅक्सिलरेटर देऊन मग सोडते. माझ्या मॉडेलला हिल होल्ड (चढावर ब्रेक सोडल्यावर गाडी क्षणभर धरून ठेवणारी सोय) नाही, नुसता ब्रेक सोडला तर वीतभर मागे येतेच. दाभोळच्या फेरीबोटीत चढताना पुढचा टेम्पो मध्येच थांबला, फळी ओली, माझ्या मागे एक बाइकवाला अगदी चिकटून, तेव्हा हा हँडब्रेकच कामाला आला.

घाटात तर डी वर, म्हणजे गाडी स्वतः गिअर बदलते त्या ड्राइव्ह मोडवर, विसंबूच नका. कराडहून येताना कुंभार्ली उतरत होते, पाय उचलला की गाडी वरचा गिअर टाकते आणि सुटते, मग सारखा ब्रेक. बाबा शेजारून ओरडले, "अगो, दुसरा टाक की!" एम (मॅन्युअल मोड) मध्ये घेऊन दुसरा टाकला तेव्हा इंजिनाने गाडी धरली. ओव्हरटेकला पण गिअर बदलताना ती क्षणभर दम घेते आणि आपली मान पुढे जाते, त्या वेळी पाय जरासा सैल केला की झटका कमी होतो.

सगळ्यात वैताग जुलैत. पी (पार्किंगची पोझिशन) नाही म्हणून गिअरमध्ये ठेवून हँडब्रेक लावला होता, आठवडाभर गाडी हलवली नाही, बॅटरी बसली. मॅन्युअल असती तर त्याच चढावरून ढकलून चालू केली असती. ही बॅटरीशिवाय न्यूट्रलला पण येईना, म्हणजे धक्का द्यायचा प्रश्नच मिटला, शेवटी शेजारच्या काकांची पिकअप गडग्याला खेटून उभी केली आणि तिच्या बॅटरीवरून वायर लावली. भर पावसात, छत्री बोनेटवर धरून.

बाकी चिपळूणला बहादूरशेख नाक्यावर अर्धा तास अडकले तरी डावा गुडघा दुखत नाही, आणि मी पैसे मोजले ते ह्याच्यासाठीच. मायलेज दोन्हीत उन्नीस-बीस. पन्नासेक हजार जास्त गेले त्याचं वाईट वाटत नाही, पण जम्पर केबल आता डिकीतच असते आणि बाबांची गाडी विकायचा विषय मी सध्या काढत नाही.