पुण्याचा स्लँट की चंदीगडची अँप्यूल? कोल्हापुरातून कल्चर मागवणाऱ्यांसाठी

कोल्हापुरातल्या प्रयोगशाळेला खात्रीचं कल्चर, म्हणजे प्रयोगासाठी वाढवलेला एकाच प्रकारचा सूक्ष्मजीव, हवं असेल तर तीन सरकारी दारं आहेत, तिन्ही सूक्ष्मजीवांचे संग्रह. पुण्यात एनसीएलमधलं (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) एनसीआयएम, चंदीगडला इमटेकमधलं (सूक्ष्मजीव तंत्रज्ञान संस्था) एमटीसीसी आणि पुन्हा पुण्यातच एनसीसीएसचं (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र) एनसीएमआर. चौथा मार्ग सगळ्यांना पाठ असतो: ओळखीच्या कॉलेजातून 'एक लूप द्या ना सर' म्हणून, म्हणजे तारेच्या कडीभर, मागून आणलेली नळी. ती फुकट मिळते आणि शेवटी तीच सगळ्यात महाग पडते.

कारण साधं आहे. घरोघरी फिरलेल्या विरजणासारखंच कल्चरचंही होतं. दर सबकल्चरला, म्हणजे नव्या माध्यमावर (खाद्यावर) पुन्हा वाढवताना, थोडा बदल शिरतो, कधी शेजारच्या नळीतला पाहुणा शिरतो, आणि दोन-तीन हात बदलले की लेबलवर नुसतं 'ई. कोलाय' उरतं. कुठला ई. कोलाय? डिस्क डिफ्यूजनसाठी, म्हणजे औषधाच्या चकतीभोवती जिवाणू किती अंतर वाढत नाहीत ते मोजण्यासाठी, एटीसीसी (अमेरिकन संग्रह) २५९२२ हाच स्ट्रेन (वाण) लागतो, कारण त्याचे झोन, म्हणजे चकतीभोवतीची मोकळी वर्तुळं, ठरलेले आहेत: जेंटामायसिन १० मायक्रोग्रॅमच्या डिस्कभोवती १९ ते २६ मिमी, अँपिसिलिन १० मायक्रोग्रॅमला १५ ते २२ मिमी. झोन याबाहेर गेला की म्युलर-हिंटन माध्यमाची जाडी ४ मिमी होती का, जिवाणूंच्या सस्पेन्शनचा गढूळपणा ०.५ मॅकफर्लंड होता का, डिस्क फ्रीजबाहेर राहिली होती का, हे तपासता येतं. पण मुळात स्ट्रेनच दुसरा असेल तर ही सगळी तपासणी वाया. वनस्पतींच्या अर्कावरचे एम.एस्सी. प्रकल्प इथेच घसरतात. झोन सुंदर येतात, फोटोही छान येतात, पण ते कुणाच्या निकालाशी ताडून बघावेत हे कळायला मार्ग नसतो.

आता एकेक दार.

एनसीआयएम १९५१ पासूनचं, नावाप्रमाणे औद्योगिक सूक्ष्मजीवांचं. आपल्या जिल्ह्याची कामं बघता पहिला अर्ज इथेच जावा. मळीवरच्या डिस्टिलरीसाठी सॅकरोमायसिस, दुधाच्या प्रयोगशाळेसाठी लॅक्टिक जिवाणू, कारखान्यांच्या जैविक खत विभागासाठी अ‍ॅझोटोबॅक्टर, एन्झाइमसाठी बुरश्या, सगळं याच्या पठडीतलं. रुग्णालयाच्या कामाचे रोगकारक स्ट्रेन शोधायला मात्र इथे येऊ नये, तो याचा प्रांत नाही. पुणे २३०-२३५ किलोमीटर, म्हणजे स्लँटवरचं (नळीत तिरप्या गोठवलेल्या माध्यमावरचं) जिवंत कल्चरही धडधाकट पोहोचतं. हाताने घेऊन जाता येईल का, हे अर्ज करतानाच विचारून ठेवा. पुण्याला सेमिनारला निघालेला कुणी ना कुणी विभागात असतोच.

एमटीसीसी १९८६ पासून आहे. जिवाणू, बुरशी, यीस्ट, अ‍ॅक्टिनोमायसिट्स, प्लास्मिड असा मोठा पसारा, आणि कल्चर येतं ते लायोफिलाइज करून (गोठवून सुकवून), काचेच्या बंद नळीत, म्हणजे अँप्यूलमध्ये. संदर्भ स्ट्रेनसाठी आमची पसंती याला. यादीत प्रत्येक कल्चरसमोर इतर संग्रहांतले क्रमांक दिलेले असतात. तिथे हवा तो एटीसीसी क्रमांक दिसला तरच मागवा, नुसत्या प्रजातीच्या नावावर जाऊ नका. नावं बदलत राहतात. ज्याला वर्षानुवर्षं अ‍ॅस्परजिलस नायजर म्हटलं तो एटीसीसी १६४०४ आता अ‍ॅस्परजिलस ब्राझिलिएन्सिस आहे. २०२० मध्ये लॅक्टोबॅसिलसची फोड होऊन प्लँटारम थेट लॅक्टिप्लँटिबॅसिलसमध्ये गेला. क्रमांक तेवढा जागचा हलत नाही, म्हणून प्रबंधात क्रमांक हवा.

एनसीएमआर २००९ चं, आधी एमसीसी म्हणून ओळखलं जायचं. साठा प्रचंड, एक लाखाहून अधिक कल्चर. कल्चर मागवण्यापेक्षा ते जमा करायला आणि ओळखून घ्यायला, म्हणजे १६एस सिक्वेन्सिंग (जनुकावरून ओळख) आणि माल्डी-टॉफसाठी (प्रथिनांवरून ओळख), हे जास्त उपयोगाचं. त्याबद्दल पुढे.

गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या एमआयडीसीतल्या अन्न आणि औषध तपासणीच्या प्रयोगशाळांचं गणित थोडं वेगळं. तिथे ऑडिटर ट्रेसेबिलिटीचा, म्हणजे कल्चर मूळ कुठून आलं याचा, कागद मागतो. त्यांना क्विक-स्टिकसारखे तयार स्वॅब परवडतात. महाग असतात, पण मूळ संदर्भ कल्चरपासून तीन पॅसेजच्या (सबकल्चरच्या) आतले असतात आणि प्रमाणपत्र सोबत येतं. कॉलेजच्या प्रॅक्टिकलला ते घेणं म्हणजे पैशाचा चुराडा.

कल्चर जितकं नाजूक, तितकीच कागदपत्रं चिवट. संग्रहांचे दर शिक्षणसंस्थांना वेगळे आणि उद्योगांना वेगळे असतात, आणि पैसे आधी भरावे लागतात. आपल्या कॉलेजांचा हिशेब विभाग मात्र 'आधी माल, मग बिल' या पंथाचा. त्यामुळे प्रोफॉर्मा इन्व्हॉइस मागवून खरेदी समितीपुढे आधीच ठेवायचा, नाहीतर अर्ज महिनाभर टेबलावर लोळतो. रोगकारक स्ट्रेनसाठी जैवसुरक्षेची लेखी हमी आणि संस्थाप्रमुखांची सही लागते. हस्तांतरणाच्या करारात सहसा एक ओळ असतेच, की हे कल्चर तिसऱ्याला द्यायचं नाही. म्हणजे ती 'एक लूप द्या ना सर' वाली नळी देणाऱ्यालाही अडचणीची.

पत्ता लिहिताना विभागाचं नाव आणि चालू मोबाईल नंबर टाका. नुसता कॉलेजचा पत्ता असला की पार्सल आवक-जावक विभागाच्या कपाटावर जाऊन बसतं, आणि त्यात दिवाळीची सुट्टी लागली की संपलंच. लायोफिलाइज अँप्यूल हा वनवास सहन करते. स्लँटवरचे लॅक्टिक जिवाणू करत नाहीत. स्वतःच्याच आम्लात मरतात. आठवड्याच्या सुरुवातीला पाठवायला सांगा, म्हणजे रविवार वाटेत येणार नाही. एप्रिल-मेमध्ये स्लँट मागवू नये. जुलै-ऑगस्टमध्ये तर काहीच मागवू नये असं म्हणावंसं वाटतं. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ ला शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला तेव्हा सगळी वाहतूक ठप्प होती. पूर नसला तरी त्या दिवसांत इथली हवा इतकी दमट असते की कापसाचे बोळे ओल धरतात आणि बुरशी बोळ्यातून आत उतरते. पावसाळ्यात स्लँट स्क्रू-कॅपच्या नळ्यांतच टाकावेत. जूनच्या सत्राला लागणारं कल्चर फेब्रुवारीत मागवून ठेवणं हाच शहाणपणा.

'कल्चर मेलेलं आलं' ही तक्रार सगळीकडे ऐकू येते. त्यातली बहुतेक कल्चर आपल्याच टेबलावर मरतात, आणि तीही अँप्यूल फोडताना. म्हणून हे जरा सावकाश.

अँप्यूल आली की आधी लेबल वाचा: क्रमांक, बॅच, माध्यम, तापमान. फोडायची नसेल तर २ ते ८ अंशांत ठेवा. फोडण्याच्या आदल्या दिवशी सांगितलेलंच माध्यम करून ठेवा. ई. कोलायला बाजारातली न्यूट्रिएंट अगारची पावडर, लिटरला २८ ग्रॅम, चालून जाते. लॅक्टोबॅसिलसला एमआरएसच हवा, पीएच ६.५ च्या आसपास. उसातला ग्लुकॉनअ‍ॅसिटोबॅक्टर डायझोट्रॉफिकस मागवला असेल तर एलजीआय-पी, त्यात लिटरला १०० ग्रॅम साखर आणि पीएच ५.५. साध्या न्यूट्रिएंट अगारवर तो नीट वाढत नाही, आणि मग खापर पाठवणाऱ्यावर फुटतं.

अँप्यूलच्या आत पावडरीच्या वर कापसाचा छोटा बोळा असतो. त्या बोळ्याच्या मधोमध, बाहेरून, बारीक कानशीने किंवा अँप्यूल कटरने रेघ मारा. पावडरीजवळ रेघ मारली तर काचेचे कण कल्चरमध्ये पडतात; फार वर मारली तर बोळा हाती लागत नाही. रेघेची जागा ७० टक्के अल्कोहोलने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. ओल्या अल्कोहोलसह बर्नरजवळ नेणारे महाभाग असतात, म्हणून मुद्दाम सांगितलं. निर्जंतुक कापसाची जाड घडी गुंडाळून रेघेवर दाब द्या. आत निर्वात पोकळी असते, त्यामुळे हवा झटकन आत शिरते. बोळा ती गाळतो आणि पावडर उडू देत नाही. म्हणून फोडल्यावर काही सेकंद थांबा, मगच वरचा तुकडा काढा आणि निर्जंतुक चिमट्याने बोळा उचला. इंटरनेटवर अँप्यूलचं टोक ज्योतीत तापवून पाण्याचा थेंब टाकण्याचे व्हिडिओ आहेत. ती रीत परदेशी दुहेरी काचेच्या अँप्यूलची. एकेरी अँप्यूलवर केली तर पावडरच भाजेल.

आता ०.३ ते ०.५ मिली ब्रॉथ (द्रव माध्यम). पाच मिली ओतून पातळ करायचं नाही, आणि नुसतं पाणीही नको. पिपेटने हलकेच वर-खाली करून पावडर विरघळवा, थोडं प्लेटवर स्ट्रीक करा, उरलेलं पाच मिली ब्रॉथमध्ये. बुरशी असेल तर निर्जंतुक पाण्यात अर्धा तास किंवा जास्त भिजू द्या, मग प्लेटवर. फुटकी अँप्यूल, बोळा, टिप्स सगळं ऑटोक्लेव्ह करूनच टाकायचं.

इन्क्युबेटर सरसकट ३७ वर लावलेला असतो, हे दुसरं दुखणं. अ‍ॅझोटोबॅक्टर, बहुतेक बुरश्या, यीस्ट यांना २८ ते ३० अंश हवेत. तिसरं म्हणजे घाई. लायोफिलाइज झालेल्या पेशी जाग्या व्हायला वेळ घेतात. नेहमीच्या दुप्पट वेळ प्लेट ठेवल्याशिवाय 'मेलं' म्हणू नका. अ‍ॅक्टिनोमायसिट्सना आठवडा सहज लागतो.

वाढ आली की ग्रॅम स्टेन करा, सुट्या कॉलनी एकसारख्या आहेत का बघा, आणि त्याच दिवशी साठा करा. ४० टक्के निर्जंतुक ग्लिसरॉल अर्धा मिली आणि ताजं वाढलेलं ब्रॉथ अर्धा मिली मिसळलं की ग्लिसरॉल २० टक्के होतं. अशा पंधरा-वीस छोट्या वायल उणे ८० ला. एकाच कॉलनीवर सगळी भिस्त ठेवू नका, चार-पाच कॉलनी एकत्र घ्या, म्हणजे चुकून एखादी बदललेली पेशी पुढच्या सगळ्या साठ्याची आई होणार नाही. उणे ८० नसेल तर उणे २० चालतं, पण काही महिनेच, आणि फ्रॉस्ट-फ्री फ्रीज मुळीच नको. तो बर्फ वितळवण्यासाठी मधूनमधून गरम होतो, आणि दर वेळच्या वितळण्या-गोठण्यात पेशी फुटतात. दर महिन्याला एक वायल काढायची, तिच्यापासून आठवड्याचे स्लँट करायचे. वायल पुन्हा गोठवायची नाही. औषधांच्या चाचणीत मूळ कल्चरपासून पाचपेक्षा जास्त पॅसेज चालत नाहीत. कॉलेजनेही हीच लक्ष्मणरेषा पाळावी. दर वायलवर पॅसेजचा आकडा लिहिला की भांडणच मिटतं.

आता जमा करण्याबद्दल, कारण आपल्याकडे हे दार जवळजवळ कुणी ठोठावतच नाही. पन्हाळा, राधानगरी, गुऱ्हाळांची राब, मळी, चर्मोद्योगाचं सांडपाणी, इथून वेगळे केलेले किती जिवाणू प्रबंधांत आहेत! संशोधक पीएच.डी. घेऊन गेला की नळ्या फ्रीजच्या तळाशी, आणि मग एका उन्हाळ्यात कॉम्प्रेसर बंद. पेपरात छापलेला निकाल नंतर कुणालाच करून बघता येत नाही. उलट ब्रिटनच्या एनसीटीसी संग्रहातला पहिलाच क्रमांक बघा. पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये एका सैनिकाच्या हगवणीतून वेगळा केलेला शिगेला फ्लेक्सनेरी. जवळपास शंभर वर्षांनी त्याचा जीनोम वाचला, तेव्हा तो पेनिसिलिनला दाद देत नव्हता असं आढळलं; आणि तो वेगळा केला तेव्हा पेनिसिलिनचा शोधही लागलेला नव्हता. नळी जपून ठेवली होती म्हणून हे तपासता आलं.

एनसीएमआर आणि एमटीसीसी दोघंही बुडापेस्ट करारानुसार पेटंटसाठीही कल्चर घेतात. तसं जमा केलेलं किमान ३० वर्षं सांभाळलं जातं. साध्या, सार्वजनिक ठेवीत मात्र कल्चर इतरांना मागता येतं, हे आधी समजून घ्या. नवी प्रजाती म्हणून नाव द्यायचं असेल तर दोन वेगळ्या देशांतल्या संग्रहांत ठेव लागते, आणि परदेशी पाठवताना जैवविविधता कायदा, २००२ लागू होतो. क्रमांक हातात पडायला वेळ जातो, कारण ते आधी वाढवतात, शुद्धता बघतात, लायोफिलाइज करतात आणि पुन्हा जिवंत होतं का तेही तपासतात. पेपर पाठवायच्या आठवड्यात कल्चर पाठवून उपयोग नाही. किमान काही महिने आधी हवं. अर्जात माध्यम, तापमान, सिक्वेन्स आणि नमुना घेतलेल्या जागेचे अक्षांश-रेखांश लागतात. मसाई पठारावरची माती पिशवीत भरतानाच मोबाईलवरून ते वहीत उतरवून घ्या; तीन वर्षांनी फॉर्म भरायला बसलं की 'पन्हाळा परिसर' याच्यापुढे काही आठवत नाही.