१५ वर्षांची बोलेरो, तीन टेस्ट ड्राइव्ह आणि एक टेप

आमची बोलेरो एसएलएक्स डिसेंबर २०१० ची, केए-२२ पासिंग, मीटरवर २ लाख ३८ हजार. म्हणजे डिसेंबर २०२५ ला आरसी संपणार होती आणि घरात गणपती झाल्यापासूनच विषय सुरू, रीपासिंग करायचं की काढून टाकायची. त्यात २२ सप्टेंबर २०२५ ला गाड्यांवरचा जीएसटी उतरला, मग तर भावकी, शेजारी, दुकानात पाइप घ्यायला आलेलं गिऱ्हाईक, जो तो एकच, "गाडी विकूलायसा काय? नवीन घ्या की आता." माझं बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात हार्डवेअरचं दुकान, घर जांबोटीच्या बाजूला, सध्या वर्षाचं रनिंग ११-१२ हजार किलोमीटर. त्यातलं निम्मं खड्ड्यात आणि पावसाळ्यात तर जवळजवळ सगळंच.

आधी जुन्या गाडीबद्दल लिहितो, कारण १५ वर्षं वापरून लिहिणारे कमी, आठ दिवस वापरून लिहिणारे ढीगभर.

२.५ लिटरचं टर्बो डिझेल, ताकद ६३ हॉर्सपॉवरच्या आसपास, आजच्या हिशोबात काहीच नाही. पण कॉमन रेलच्या (कॉम्प्युटरनं डिझेल सोडणाऱ्या इंजिनांच्या) आधीचं साधं पंप-नोझलचं काम, त्यामुळं डॅशबोर्डवर लाइट लागली म्हणून गाडी लॅपटॉपला जोडा हा प्रकार नाही. अॅव्हरेज १२, चोर्ल्याच्या घाटात ११, कितीही प्रेमानं चालवा १३ च्या वर गेली नाही. ८० च्या पुढं आवाज एवढा की बायको शेजारी बसून काय बोलते ते कळत नाही (हा दोष की गुण ते विचारू नका). मागं पाटे आहेत त्यामुळं रिकामी गाडी उधळते, पण सिमेंटची सहा पोती टाकली की कशी शांत बसते ते बघण्यासारखं असतं. पत्रा मात्र सडलाय, दोन्ही मागच्या दारांच्या खाली बोट जाईल एवढी भोकं. आमच्या कणकुंबी-जांबोटी पट्ट्यातला पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको.

मी दुकानाच्या सवयीनं गाडीचा खर्च वहीत लिहितो. मागच्या पाच वर्षांत क्लच, रेडिएटर, चार टायर, शॉकप, एकदा पंप कॅलिब्रेशन, सगळं धरून १ लाख १२ हजार. बँकवाल्यानं नव्या गाडीचा जो कागद दिला त्यात १२ लाख कर्ज, ९ टक्के, सात वर्षं, हप्ता १९,३०० च्या आसपास. म्हणजे पाच वर्षांच्या दुरुस्तीत सहा हप्तेसुद्धा बसत नाहीत. हे वाचून बायको म्हणाली, "मग विषय संपला." मी म्हटलं थांब, बघून तर येऊ.

एकदाच रस्त्यात उभी राहिली होती, तेही ओरिजिनल म्हणून दिलेला ड्युप्लिकेट पाण्याचा पंप बसवला म्हणून. दुकानाचं नाव लिहीत नाही. वाईट त्याचं नाही वाटलं, स्वतः हार्डवेअरवाला असून मी डबा बघून फसलो त्याचं वाटलं.

आता नव्या गाड्या.

पहिली बोलेरो निओ. नाव बोलेरो असलं तरी ही मुळात टीयूव्ही ३०० ची पुढची पिढी, २०२१ ला नाव बदलून आली. १.५ लिटर, १०० हॉर्सपॉवर, मागच्या चाकाला ड्राइव्ह, चालवायला माझ्या गाडीपेक्षा कितीतरी हलकी. एसी तर असा की आमच्या घरचे आण्णा मागून म्हणाले बंद करा, कान दुखतात. चार मीटरच्या आत आणि १५०० सीसीच्या आत असल्यानं जीएसटी १८ टक्क्यांत बसते आणि थर्ड पार्टी विमासुद्धा ३,४१६ च्या स्लॅबला, माझ्या २,५०० सीसीला ७,८९७ पडतात, वर टॅक्स वेगळा. हे सगळं तिच्या बाजूचं. पण ग्राउंड क्लिअरन्स १६० मिलिमीटर, जुन्या बोलेरोचा १८०. हे २० मिलिमीटर कागदावर किरकोळ वाटतात. आमच्या घराकडं वळायच्या जागी एक मोरी आहे, तिथं पावसात मधला उंचवटा तसाच राहतो आणि दोन्ही बाजूनं चाकोरी खोल जाते, तिथं २० मिलिमीटर म्हणजे पोट घासणार की नाही एवढा फरक. शिवाय पोरीनं फोनवर काढून दाखवलं, २०२४ च्या ग्लोबल एनकॅपमध्ये (गाडी धडकवून बघायची चाचणी) निओला एकच स्टार. ती पुण्याला नोकरीला असते, हा सगळा अभ्यास तिचाच.

दुसरी स्कॉर्पिओ क्लासिक. हिचं थोडक्यात सांगतो. १३२ पीएसचं (पीएस म्हणजे जवळपास हॉर्सपॉवरच) एमहॉक इंजिन, सहा गिअर, दणकट, बसल्यावर साहेब झाल्यासारखं वाटतं. पण एवढे पैसे घालून जुन्याच जमान्यातली गाडी घ्यायची तर घरात जुनी आहेच की, तीही फिटलेली.

तिसरी स्कॉर्पिओ-एन आणि खरं सांगतो, इथं मी हललो. शोरूमचा पोरगा म्हणाला हायवेलाच जाऊया, मी म्हटलं नाही, गाडी जांबोटी रोडला घे. डिझेल, १७५ पीएसचं मॅन्युअल. ज्या खड्ड्यात आमच्या बोलेरोत आण्णांचं डोकं छताला लागतं त्याच खड्ड्यातून ही गेली आणि आण्णांनी विचारलं, "रस्ता केला काय रे?" यापेक्षा मोठं सर्टिफिकेट नाही. २०२२ ला ग्लोबल एनकॅपमध्ये मोठ्यांच्या सुरक्षिततेला पाच स्टार. आमच्या गाडीत एअरबॅगही नाही आणि एबीएसही (जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी सोय) नाही, त्या वेळी सक्तीच नव्हती, एबीएस २०१९ पासून आणि ड्रायव्हरची एअरबॅगही त्याच वर्षी जुलैपासून सक्तीची झाली. पोरगी म्हणाली, "पप्पा, इंजिन चांगलं आहे म्हणून तुम्ही धडकणार नाही असं काय आहे?" याला माझ्याकडं उत्तर नव्हतं आणि अजूनही नाही.

मग मी खिशातली टेप काढली. धंद्याची सवय, टेप खिशात असतेच. शोरूमच्या पोराला वाटलं काहीतरी गंमत चाललीय. आमच्याकडं दरवर्षी गणपती खानापुरातल्या कुंभाराकडून येतो, पाटासकट अडीच फूट आणि तो बोलेरोच्या मागच्या भागात मधोमध बसतो. दोन्ही बाजूच्या आडव्या सीटवर दोघं बसून त्याला धरतात, एक आण्णा आणि एक जो लहान असेल तो. स्कॉर्पिओ-एनला तिसरी रांग उभी केली की मागं दोन पिशव्यांची जागा उरते. रांग पाडली तर मूर्ती बसते पण धरणारे कुठं बसणार? पोरगा म्हणाला, "सर, मूर्ती मधल्या सीटवर ठेवून बेल्ट लावा की." मी काही बोललो नाही. आण्णांनी त्याच्याकडं बघितलं फक्त.

घरी येऊन गेट मोजलं. गेट सात फुटी, वाड्याच्या वेळचं, दोन्हीकडं जांभ्या दगडाचे खांब. स्कॉर्पिओ-एनची रुंदी १,९१७ मिलिमीटर, आरसे सोडून. म्हणजे सव्वासहा फुटांच्या वर. आरसे मिटून, श्वास रोखून, रोज दोनदा. आमची १,७४५ ची, तिला गेट एवढं पाठ की सोडली तर एकटी आत जाईल.

टॅक्सचं तर बोलायलाच नको. कर्नाटकात १० ते २० लाखांच्या गाडीला १७ टक्के रोड टॅक्स आणि त्या टॅक्सवर परत ११ टक्के सेस. समजा १८ लाखांची गाडी, तर ३ लाख ४० हजार नुसता टॅक्स. तीच महाराष्ट्रात डिझेलला १४ टक्के, म्हणजे अडीच लाखांच्या आसपास. चंदगडचे दाजी लगेच म्हणाले, "माझ्या नावावर घे, एमएच-०९ पाडूया, ८०-९० हजार वाचतात." वाचतात खरे, पण दुसऱ्या राज्याची गाडी १२ महिन्यांच्या वर इथं राहिली की नंबर बदलून घ्यायचा कायदा आहे आणि टॅक्स इथला भरायचा. वर कधी क्लेम करायची वेळ आली तर गाडी दाजींची, ड्रायव्हर मेव्हणा आणि पत्ता तिसराच. सीमाप्रश्न एवढी वर्षं चाललाय, त्यात माझी गाडी कशाला घालू.

अजून एक गोष्ट कोणी सांगत नाही. बीएस-६ (धुराच्या नव्या नियमातल्या) डिझेलला सायलेन्सरच्या लाइनीत काजळी धरणारा फिल्टर असतो आणि तो साफ व्हायला गाडी अधूनमधून एका दमात लांब, तापून पळावी लागते. माझ्या ओळखीतल्या एकाची गाडी (कंपनी लिहीत नाही) घर ते शाळा, शाळा ते बाजार एवढीच फिरायची, दीड वर्षात तीनदा लाइट लागली आणि दरवेळी शोरूमवाल्यांनी सांगितलं, हायवेला अर्धा तास पळवून आणा. काही डिझेलना, स्कॉर्पिओ-एन त्यातलीच, वेगळ्या टाकीत डीईएफ पण घालावं लागतं, म्हणजे युरियाचं पाणी, साडेबत्तीस टक्के. आण्णांना सांगितलं तर म्हणाले, "युरिया उसाला घालतात, गाडीला कधीपासून?"

एक्सचेंजमध्ये शोरूमनं लावले १ लाख ४० हजार. गावातलाच एकजण दारात येऊन सव्वादोन द्यायला तयार होता, तोही पत्रा बघून. यावरून काय ते समजा.

शेवटी उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीत, आमच्या मिस्त्रीकडं गेलो. कन्नड माणूस, १५ वर्षं हीच गाडी उघडतोय. बॉनेट उघडून ऑइलचं झाकण काढलं, हात धरून धूर बघितला, गाडीखाली शिरला आणि बाहेर येऊन म्हणाला, "सावकार्रे, इंजिन छलो ऐत्री. मारब्याड्री, इट्कोळ्री." म्हणजे इंजिन चांगलं आहे, विकू नका, ठेवून घ्या. मी म्हटलं उद्या पार्ट मिळाले नाहीत तर? त्यानं समोरच्या लेथकडं बोट दाखवलं. उद्यमबाग हाताशी असताना बुशसारख्या पार्टची काळजी करणारा मी मूर्खच.

तर ठेवली. पत्राकाम आणि पेंट ३८ हजार, पुढचे ब्रेक पूर्ण नवीन, सगळे बेल्ट बदलले. रीपासिंगची फी १ एप्रिल २०२२ पासून कारला ५ हजार आहे, आधी ६०० होती, आणि उशीर केला तर महिन्याला ५०० दंड, त्यामुळं नोव्हेंबरातच कागद टाकले. दिल्लीसारखा १० वर्षांत डिझेल बंद हा नियम आपल्याकडं नाही, तरी एजंट लोक घाबरवतात, ऐकू नका. एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर) प्लेट आधीच लावून घेतली होती.

पासिंगच्या दिवशी आरटीओत एकच अडचण आली. चेसिस नंबर कागद ठेवून पेन्सिलीनं घासून घेतात, तो आमचा गंजात गायब. साहेब म्हणाले नंबर दिसल्याशिवाय होणार नाही. मग मी तिथंच चिखलात गुडघे टेकून वायर ब्रशनं घासत बसलो, वर डिझेलचा बोळा, परत ब्रश, वीसएक मिनिटांनी एकेक आकडा वर यायला लागला आणि शेवटचा आला तेव्हा बाजूला उभे असलेले दोन रिक्षावाले पण वाकून बघत होते. आरसी डिसेंबर २०३० पर्यंत.

पोरीच्या प्रश्नाचं काय केलं? तिनंच अट घातली, बोलेरो पुणे हायवेला आणायची नाही. मान्य केलं. हुबळी-पुणे वंदे भारत सप्टेंबर २०२४ पासून बेळगावातून जाते, आठवड्यात तीन दिवस, आम्ही दोघं दोनदा जाऊन आलो, आण्णांना पण पुढच्या खेपेला नेणार. गाडी आता खानापूर, बेळगाव, चंदगड आणि लग्नसराईत निपाणीपर्यंत, तीही ६० च्या वर नाही. ज्याचं महिन्यात चारदा पुणे-मुंबई आहे, घरात लहान पोरं आहेत आणि गेट रुंद आहे त्यानं माझं ऐकू नये, सरळ पाच स्टारवाली घ्यावी.

जुन्या गाडीला माझ्याकडून पाचपैकी चार. एक स्टार एअरबॅग नाही म्हणून कापला. आवाजाचा कापला असता पण त्याची सवय झालीय. मागचे पाटे बसलेत, ते गणपतीच्या आत बदलून घ्यायचेत.